व्हिडिओ गेमचे ग्राफिक्स: दिसते किती, पडते कितीला

व्हिडिओ गेममधले चित्र आधी काढून ठेवलेले नसते. सिनेमातल्या एका फ्रेमसाठी संगणकाने तासन्‌तास घेतले तरी प्रेक्षकाला त्याचा पत्ता लागत नाही. गेममध्ये मात्र खेळणाऱ्याने बटण दाबले की त्याचा परिणाम दाखवणारे नवे चित्र तिथल्या तिथे तयार व्हावे लागते. सेकंदाला ३० चित्रे दाखवायची तर एका चित्राला ३३.३ मिलिसेकंद मिळतात, ६० दाखवायची तर १६.७ आणि १२० दाखवायची तर जेमतेम ८.३. एवढ्या वेळात समोरच्या प्रत्येक वस्तूचा आकार, पृष्ठभागाचा पोत, तिच्यावर पडणारा उजेड, तिची सावली हे सगळे मोजून पडद्यावर मांडायचे असते. ग्राफिक्सचा दर्जा वाढवणे म्हणजे याच मिलिसेकंदांत अधिक काम उरकणे. त्यासाठी एक तर जास्त ताकदीचे यंत्र लागते, नाही तर चित्रावर जास्त माणसांनी जास्त दिवस खपावे लागते. पहिल्याचे पैसे खेळणारा देतो, दुसऱ्याचे गेम बनवणारा. गेल्या काही वर्षांत दोघांचीही बिले फुगत गेली आहेत आणि डोळ्यांना जाणवणारा फरक आक्रसत गेला आहे.

गेममधली प्रत्येक घन वस्तू त्रिकोणांच्या जाळीने बनलेली असते. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’मधला मारिओ काहीशे त्रिकोणांत बसवलेला होता. काहीशेंचे काही हजार झाले तेव्हा माणसांना बोटे फुटली, नाक-कान वेगळे दिसू लागले. तो फरक गेमशी काडीचा संबंध नसलेल्या आजीलाही सांगता आला असता. हजारांचे लाख झाले तेव्हा कातडीवरची रंध्रे आणि सदऱ्याच्या शिवणीतले टाके दिसू लागले. काम दर वेळी दहापट किंवा त्याहूनही अधिक वाढले, पण दुसऱ्या खेपेला हाती आले ते टाके. २००२ चा ‘व्हाइस सिटी’, जो एके काळी सायबर कॅफेंत तासाच्या भाड्याने खेळला जाई, आणि २००७ चा ‘क्रायसिस’ शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या युगांतले वाटतात. २०१८ चा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मात्र आजच्या नव्या गेमांच्या पंगतीत बसवला तर त्याचे वय ओळखायला सरावलेली नजर लागते.

रेझोल्यूशनची गोष्ट आणखी सरळ आहे, कारण तिथे मर्यादा यंत्राची नसून डोळ्याची आहे. चांगल्या दृष्टीच्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे ओळखता येते. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते. त्यावर १०८० रेझोल्यूशनचे, म्हणजे आडव्या ओळीत १९२० ठिपक्यांचे चित्र दाखवले तर एक ठिपका जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा होतो, आणि साडेपाच फुटांपलीकडून असे शेजारचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. बैठकीच्या खोलीतला सोफा टीव्हीपासून बहुधा त्याहून लांबच असतो. फोरके चित्रात ठिपके चौपट, म्हणजे सुमारे ८३ लाख असतात. ग्राफिक कार्डाला ते सगळे रंगवावे लागतात, पण सोफ्यावरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत त्यातले थोडेच पोहोचते. फोनचे तर विचारायलाच नको. इंचाला ४०० ठिपक्यांचा पडदा एका फुटावर धरला की ती मर्यादा आधीच ओलांडलेली असते. टेबलावर दोन फुटांवर मोठा मॉनिटर ठेवून खेळणाऱ्याला मात्र वाढीव रेझोल्यूशन खरोखर दिसते. दुकानातला डेमोही असाच, टीव्हीच्या अगदी जवळ उभे राहून पाहिला जातो.

आकार आणि ठिपके यांची मजल संपत आल्यावर उद्योगाने उजेडाकडे मोर्चा वळवला. आधीच्या गेमांत सावल्या नि प्रतिबिंबे बऱ्याच अंशी आधी हिशेब करून चित्रात मुरवून ठेवलेली असत. २०१८ मध्ये ग्राफिक कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने ‘आरटीएक्स’ मालिकेची कार्डे आणली. त्यांत प्रकाशाच्या किरणाचा माग काढून तो कुठून निघाला, कशावर आपटला, कोणता रंग घेऊन परतला हे खेळ चालू असतानाच मोजण्याची सोय होती. या पद्धतीला रे ट्रेसिंग म्हणतात. तिचे टोकाचे रूप एप्रिल २०२३ मध्ये ‘सायबरपंक २०७७’ या गेममध्ये आले. ओल्या रस्त्यावरची निऑन दिव्यांची प्रतिबिंबे पाहून दाद द्यावीशी वाटते, यात वाद नाही. पण हा हिशेब इतका जड आहे की सर्वांत महागडी कार्डेही त्याखाली वाकतात. मग चित्र कमी ठिपक्यांत काढायचे आणि उरलेले ठिपके अंदाजाने भरायचे, अशी युक्ती आली. पुढे दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये अंदाजाने बनवलेल्या फ्रेमही घालण्यात येऊ लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने ५४९ डॉलरचे नवे कार्ड मागच्या पिढीतल्या १५९९ डॉलरच्या कार्डाची बरोबरी करते असे जाहीर केले, ते याच अंदाजी फ्रेमा मोजून. अशी फ्रेम डोळ्यांना गुळगुळीत वाटते, पण तिला बटणाची खबर नसते. खेळणाऱ्याने उडी मारली की नाही हे पुढची खरी फ्रेम आल्यावरच कळते.

यंत्रे पूर्वी दर वर्षी स्वस्त होत असत, हा गेमिंगचा मोठा आधार होता. २००० मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला आलेला सोनीचा प्लेस्टेशन २ हा गेम कन्सोल २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळू लागला. चिप लहान होत गेली की तिचा खर्च उतरायचा आणि तो फायदा गिऱ्हाइकापर्यंत यायचा. आता लहान चिप बनवणेच इतके महाग झाले आहे की हे चक्र उलटे फिरू लागले. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात ४९,९९० रुपयांना आला आणि पुढच्याच वर्षी ५४,९९० रुपयांचा झाला. एनव्हिडियाचे सर्वांत वरचे कार्ड २०२२ मध्ये सुमारे दीड लाखाचे होते. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या वारसदाराची, आरटीएक्स ५०९० ची, भारतातली जाहीर किंमत २ लाख १४ हजार होती. एवढ्या पैशांत चांगली नवी मोटारसायकल येते. अधिक ताकदीचा प्लेस्टेशन ५ प्रो तर नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर आला तेव्हा भारतात आलाच नाही, कारण त्यातले वाय-फाय वापरते तो ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा तोवर इथे खुला झालेला नव्हता.

नागपूरसारख्या तापणाऱ्या शहरात या किमतीला आणखी एक पुरवणी जोडावी लागते, ती उन्हाची. कार्ड जेवढी वीज खाते तेवढी सगळी अखेर उष्णता होऊन खोलीत उतरते. आरटीएक्स ५०९० एकटे ५७५ वॉटपर्यंत जाते; प्रोसेसर, मॉनिटर वगैरे धरून असा संगणक ८०० वॉट सहज घेतो. मे महिन्यात बंद खोलीत एवढी उष्णता सोडणे म्हणजे हिवाळ्यातला हीटर उन्हाळ्यात लावण्यासारखे आहे. कार्डांच्या चाचण्या परदेशातल्या २०-२२ अंशांच्या खोल्यांत होतात आणि तिथले आकडे इथे वाचले जातात. पण पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. चिपचे तापमान खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी वर राहते. २२ अंशांच्या खोलीत ६८ वर स्थिरावणारी चिप ३८ अंशांच्या खोलीत ८४ च्या आसपास जाते, आणि तिथे ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवू लागते. म्हणजे पैसे पुऱ्या वेगाचे मोजायचे आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की वापरायचा उतरलेला वेग.

कंपन्यांनी हे लपवलेले नाही. प्लेस्टेशन ५ वापरण्यासाठी सोनीने सांगितलेली हवेच्या तापमानाची वरची मर्यादा ३५ अंश आहे. अ‍ॅपलने आयफोनसाठी सांगितलेलीही तीच. नागपूरचे मे महिन्यातले सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या वर असते. कूलर लावला तर कोरड्या हवेत खोली या मर्यादेच्या आत आणता येते, विदर्भाचा तो हुकमी उपाय आहे. पण कूलर काम करायला हवा कोरडी आणि वीज चालू असावी लागते. पावसाळ्याच्या तोंडी हवा दमट झाली की तो नुसता ओला वारा फेकतो, आणि कूलरच्या झोतात ठेवलेल्या संगणकात ओलसर धूळ साचते ती वेगळीच. एसी लावला तर कार्डाची उष्णता बाहेर काढण्याचे बिलही त्याच मीटरवर चढते. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक केंद्रे हाकेच्या अंतरावर असली तरी नागपूरकराला वीज काही सवलतीत मिळत नाही. युनिटला दहा रुपये धरले तर ८०० वॉटचा संगणक रोज तीन तास चालवण्याचा महिन्याचा खर्च ७२० रुपये होतो; २०० वॉट घेणाऱ्या कन्सोलचा १८०.

बहुतेक भारतीय खेळणाऱ्यांपर्यंत हा हिशेब पोहोचतच नाही, कारण ते फोनवर खेळतात, आणि फोनवर ग्राफिक्सचा प्रश्न खेळाडूंनीच परस्पर निकालात काढला आहे. ‘बीजीएमआय’ या जुलै २०२१ मध्ये आलेल्या लढाईच्या गेममध्ये चित्राच्या दर्जासाठी ‘स्मूथ’पासून ‘अल्ट्रा एचडी’पर्यंत पायऱ्या आहेत आणि फ्रेम रेटसाठी, म्हणजे सेकंदाला किती चित्रे दिसावीत यासाठी, वेगळ्या. चुरशीने खेळणारी पोरे सर्वांत महागड्या फोनवरही चित्र ‘स्मूथ’वर, म्हणजे खालच्या पायरीवर, ठेवतात आणि फ्रेम रेट ‘एक्स्ट्रीम’ किंवा त्याहून वर चढवतात. गवत कमी दिसले तर गवतात लपलेला शत्रू लवकर दिसतो, फोन तापत नाही, लॅग येत नाही. ज्या गवतासाठी कलाकारांनी महिने घालवले तेच बंद करून जिंकता येते, हे चित्रकारांच्या दृष्टीने जरा दुःखदच आहे. कन्सोलवरही वेगळे चित्र नाही. सोनीच्या प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले की सुंदर चित्र आणि वेगवान चित्र यांतून निवड करायला सांगितल्यावर खेळणारे सुमारे तीन-चतुर्थांश वेळा वेग निवडतात. ३० वरून ६० फ्रेमवर गेल्याचा फरक हाताला लगेच कळतो. ६० वरून १२० चा कमी, पण तोही कळतो.

बनवणाऱ्याच्या बाजूचा खर्च मुख्यतः यंत्रांचा नसून पगारांचा असतो. एका पात्रासाठी आधी रेखाटने, मग त्रिकोणांची जाळी, मग कातडी-कपड्यांचा पोत, मग हाडांचा सांगाडा बसवून हालचाली, मग चेहऱ्यावरचे भाव, असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याचा कारागीर वेगळा. पडद्यावर जितके बारीक दिसणार तितके बारीक कोणाला तरी घडवावे लागते. कंपन्या हे आकडे सहसा सांगत नाहीत. पण २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध अमेरिकेत चाललेल्या खटल्यात नीट न खोडलेल्या कागदपत्रांतून काही बाहेर पडले. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’चा निर्मितीखर्च सुमारे २२ कोटी डॉलर होता, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’चा २१ कोटी २० लाख. त्याच वर्षाअखेर एका स्टुडिओवर झालेल्या सायबर हल्ल्यातून ‘स्पायडरमॅन २’चा आकडा फुटला: ३१ कोटी डॉलरच्या वर. ७० डॉलरला एक प्रत विकली आणि दुकानदाराचा, हक्कधारकाचा वाटा शून्य धरला तरी एवढा खर्च भरून यायला जवळजवळ ४५ लाख प्रती खपाव्या लागतात. असा जुगार वर्षातून थोडेच गेम खेळू शकतात. जे खेळतात ते मग कथेत, नियमांत काही नवे करून पाहायला धजत नाहीत, आणि ग्राफिक्सच्या खर्चाचा हा सर्वांत वाईट परिणाम म्हणावा लागेल.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा चटका प्रत्यक्ष बसलेला आहे. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा पुण्यात २००८ पासून आणि मुंबईत २०१८ पासून स्टुडिओ आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ हा २००३ चा गाजलेला गेम नव्या रूपात आणण्याचे काम या दोन स्टुडिओंकडे आले आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. भारतात घडणारा एवढा मोठा गेम म्हणून इथे कौतुक होते. पण पहिली झलक दिसताच जगभरातून टीकेची झोड उठली: चेहरे लाकडी, उजेड सपाट, एकूण रूप एक पिढी मागचे. जानेवारी २०२१ ची तारीख पुढे गेली, मग अनिश्चित झाली. मे २०२२ मध्ये काम मूळ गेम जिथे घडला त्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो गेम रद्दच केला.

इथे दोष कोणाच्या कौशल्याचा यापेक्षा मामला कसा मांडला गेला हे पाहण्यासारखे आहे. जुन्या गेमची नवी आवृत्ती काढताना कथा, रचना, उड्या, कोडी सगळे आधीच ठरलेले आणि पारखलेले असते. गिऱ्हाइकाला पुन्हा पैसे मोजायला लावण्यासाठी हातात उरते फक्त चित्र. त्यामुळे ते किती चांगले असले म्हणजे पुरे, याला सीमाच राहत नाही. गंमत अशी की या मालिकेचा पहिला गेम जॉर्डन मेक्नर यांनी १९८९ मध्ये अ‍ॅपल २ या संगणकावर आणला, तेव्हा त्यातला राजपुत्र मोजक्या ठिपक्यांचा होता. मेक्नर यांनी आपल्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि ती हालचाल एकेका चित्रात उतरवली. लोकांच्या लक्षात राहिली ती त्या धावण्यातली, कठड्याला लोंबकळण्यातली माणसासारखी लय. ठिपके वाढवल्याने ती मिळाली नसती.

पुण्यातच त्याच सुमारास उलट वाट धरलेला एक गेम पूर्ण झाला. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ बनवला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरीही २०२० मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्‌स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. त्यातला कॅमेरा बहुतेक वेळ उंचावर, लांब असतो. नायिका पडद्यावर लहान दिसते, म्हणून तिच्या गालावरची रंध्रे घडवावी लागत नाहीत. बोलक्या चेहऱ्यांचे महागडे प्रसंग टाळून कथा छायाबाहुल्यांच्या शैलीत आणि भिंतीवरच्या चित्रांतून सांगितली आहे. कोकणातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी ज्याने पाहिली आहे त्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. जो खर्च परवडणार नव्हता तो लागणारच नाही अशी शैली निवडणे, हे त्यातले खरे शहाणपण. गेमचे पायाभूत सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिनही, तयार घेतलेले, अनरियल नावाचे. ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३’ हा २०२५ चा फ्रेंच गेमही साधारण तीस जणांच्या मूळ चमूने तयार इंजिनावर बनवला आणि पहिल्या ३३ दिवसांत त्याच्या ३३ लाख प्रती गेल्या. तो देखणा आहे. पण देखणेपणासाठी त्यांना ३० कोटी डॉलर लागले नाहीत.

महाराष्ट्रात बनलेला सर्वाधिक पसरलेला गेम मात्र यांपैकी कोणताच नाही. नवी मुंबईच्या गेमेशन टेक्नॉलॉजीजने फेब्रुवारी २०१६ मध्ये आणलेला ‘लुडो किंग’ ५० कोटींहून अधिक वेळा डाउनलोड झाला आहे. चार रंगांचा सपाट पट, फासा आणि सोंगट्या, बस्स. तो स्वस्तातल्या स्वस्त फोनवर चालतो आणि इंटरनेट नसेल तर एकच फोन आळीपाळीने फिरवून खेळता येतो. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर तोच चालू होता. कॅनडातल्या एकट्या माणसाने बनवलेला पत्त्यांचा ‘बलाट्रो’ २०२४ मध्ये आला आणि वर्षभरात ५० लाख प्रती विकल्या गेल्या, तेही याच जातीचे उदाहरण.

म्हणून ग्राफिक्सवरचा सगळाच पैसा वाया जातो असे नाही. कारच्या शर्यतीत लांबचे वळण स्पष्ट दिसणे हा खेळाचाच भाग आहे. डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर चष्म्यात पडदा इतका जवळ असतो की ठिपके अजूनही टोचतात, तिथे रेझोल्यूशन वाढायलाच हवे. मोकळ्या जगात भटकण्यासाठीच खेळले जाणारे गेम चित्रावर जगतात. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मधली पहाट हे खेळण्याचे कारण असू शकते. आणि ‘जीटीए’सारखा गेम, ज्याच्या २०१३ च्या पाचव्या भागाच्या २० कोटींहून अधिक प्रती खपल्या, कितीही खर्च पचवू शकतो. अडचण त्यांची आहे जे ‘जीटीए’ नसून तसा खर्च करतात.

घरासाठी यंत्र घेणाऱ्याने चित्राच्या दर्जापेक्षा फ्रेम रेटला पहिला मान द्यावा: १०८० रेझोल्यूशनचा, सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणारा २४ इंची मॉनिटर आणि मधल्या दर्जाचे कार्ड. २०२३ मध्ये आलेले आरटीएक्स ४०६० त्यासाठी पुरते आणि ११५ वॉटच घेते, म्हणजे ५०९० च्या बरोबर पाचवा हिस्सा. वाचलेल्या पैशांतून हवा खेळती राहील असे मोठे कॅबिनेट आणि यूपीएस घ्यावा. दोन लाखांचे कार्ड घ्यायचेच असेल तर नागपुरात ते एसीच्या खोलीत ठेवावे लागेल, आणि त्या एसीचा खर्च कार्डाच्याच खात्यात मांडावा.